एमिली टीचरांचा सहावा भाग

नवीन पुस्तक हातात आलं की एमिली टीचर आधी फूटपट्टी काढायच्या. त्या वाचायच्या त्या पुस्तकांत पहिल्याच पानावर नकाशा असायचा. डोंगरापासून बंदर किती, बंदरापासून राजवाडा किती, अशी अंतरं मोजून त्या पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवायच्या. मग दीडशे पानांनंतर एखादा राजपुत्र तीन दिवसांत राजवाड्यावर पोचला की पुस्तक मांडीवर पालथं ठेवून म्हणायच्या, "घोडा वाटेत मेला असता. हा पोचला कसा?"

मी वसईच्या त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले ते चौऱ्याण्णव साली. एमिली टीचर आठवी ते दहावीला गणित शिकवायच्या. सांडोरच्या. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, उंच, सडसडीत, साडीचा पदर पिनेने असा घट्ट बसवलेला की वाऱ्याची बिशाद नव्हती. सांडोरहून सायकलने यायच्या. वर्गात आवाज चढवायच्या नाहीत. फक्त खडू खाली ठेवायच्या. खडू ठेवल्याचा आवाज झाला की शेजारच्या वर्गातल्या माझ्या मुलीसुद्धा गप्प व्हायच्या.

त्यांच्या हातात कायम एक जाडजूड पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं. मी समजत होते भूमितीचं असेल. एकदा मधल्या सुट्टीत त्या ऑफिसात फोन घ्यायला गेल्या आणि पंख्याच्या वाऱ्याने कव्हर सुटलं. आत इंग्रजी पुस्तक, आणि त्यावर पंख पसरलेला, तोंडातून जाळ काढणारा एक अजस्र प्राणी. परत येऊन त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि शांतपणे कव्हर पुन्हा घातलं.

"पोरांसाठी असतात ही," त्या म्हणाल्या. "बारा ते सोळा वयाच्या."

"मग तुम्ही..."

"मोठ्यांच्या पुस्तकांत माणसं पहिल्या पानापासून दमलेली असतात गं. यांच्यात अजून कुणालाच कळलेलं नसतं, की हे आपल्याला जमणार नाही."

पीटीचे सर त्यांना चिडवायचे, "टीचर, नातवंडांची पुस्तकं पळवता काय?" त्यांचा एकुलता मुलगा जहाजावर होता, त्याचं लग्नही व्हायचं होतं. टीचर पान उलटत म्हणायच्या, "नातवंडं आली की मागून घ्यावी लागतील. आत्ताच वाचून ठेवते."

पुस्तकं त्यांना मिळायची ती स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात. मालिकेतला तिसरा भाग आधी हाती लागायचा, मग पहिल्या-दुसऱ्यासाठी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्या थेट मुंबईला जायच्या आणि फोर्टच्या फुटपाथवर शोधत फिरायच्या. मधला भाग मिळेपर्यंत पुढच्याला हात लावायच्या नाहीत. एकदा एका मालिकेचा चौथा भाग मिळायला दोन वर्षं लागली. पाचवा त्यांच्या कपाटात होता. "इच्छा नाही झाली?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "झाली की. रोज झाली."

आणि त्यांची वही. फुलस्केप, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. दहावीच्या पेपराचा समासदेखील इतका सरळ नसेल असे आखलेले रकाने. पुस्तक, भाग, वार, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत. पुढे एक रकाना 'कोण चुकलं?' म्हणून. त्यापुढे 'जादू: किती वेळा, कशासाठी'. मग मत, एका ओळीत. शेवटी दहापैकी गुण. मी पाहिलेल्या पानांवर आठाच्या वर गुण नव्हते.

त्यांची मतं ठाम होती आणि ती त्या मागितल्याशिवाय देत नसत. मी मागायचे. "पहिला भाग कुणीही लिहील, दुसऱ्यात लेखकाचं पाणी कळतं." "मेलेला माणूस परत आला की मी दोन गुण कापते, मग तो कितीही लाडका असो." या पुस्तकांतली मुलं नेहमी पोरकीच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आईबाप असले तर पोरांना जंगलात जाऊ देतील का? लेखकाला अडचण होते, म्हणून मारून टाकतो. आळशीपणा." आणि ज्या गोष्टीत एखादी जुनी भविष्यवाणी असते, की अमुक मुलगा जन्माला येईल आणि राज्य वाचवेल, तिच्याबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "पेपर फुटलेला आहे."

शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट रिकामं होतं. टीचरांनी आपली वाचून झालेली पुस्तकं त्यात लावली. ज्या मुलीला न्यायचं असेल तिने न्यावं, फक्त एक छोटी वही करून तेच रकाने आखायचे आणि भरायचे. सुरुवातीला चार मुली होत्या, वर्षाने तीसेक झाल्या. मराठी माध्यमाच्या मुली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायच्या. माझ्या तासाला बाकाखाली वाचताना मी दोघींना पकडलंही.

मग एका आठवीतल्या मुलीचे वडील आले. विरारला नव्या इमारतीत राहायला आलेले, कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस. मुलीच्या दप्तरात त्यांना ते जाळ काढणाऱ्या प्राण्याचं चित्र सापडलं होतं. एकटे आले असते तर मुख्याध्यापिका सिस्टरांनी निभावून नेलं असतं, पण त्यांनी पालक समितीतल्या दोघांना बरोबर आणलं. मुलींच्या डोक्यात जादूटोणा भरवला जातोय, कपाट बंद करा, असं तिघांचं म्हणणं. शनिवारी सभा बसली. आम्ही शिक्षक भिंतीला लागून उभे.

एमिली टीचर लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. मला वाटलं भांडतील. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "आपला आक्षेप जादूला आहे ना?"

"हो," ते वडील म्हणाले. "कष्ट न करता मंत्र म्हटला की सगळं होतं, असंच शिकणार ना पोरी?"

"बरोबर प्रश्न आहे," टीचर म्हणाल्या. "मलाही तोच होता. म्हणून मी रकाना ठेवला." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. कपाटातलं एकेक पुस्तक. जादू पाच वेळा; चार वेळा अंगाशी आली, एकदा दिवा लावायला. जादू एकदा, ती करणाऱ्याचा आवाज कायमचा गेला. जादू नाही, नुसती अफवा. त्या वाचत राहिल्या, आवाजात चढउतार नाही, जशा वर्गात हजेरी घेत. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. टीचर थांबल्या नाहीत.

"या सगळ्यांत," शेवटी वही मिटत त्या म्हणाल्या, "मंत्र म्हटला आणि अडचण सुटली, असं चार पुस्तकांत आहे. चारही वाईट आहेत. मी तीन-तीन गुण दिलेत. ती आजच काढून टाकते, तुमचं बरोबर आहे. बाकीच्यांत पोरं चालतात, उपाशी राहतात, चुकतात, माफी मागतात. घरी जाऊन एक वाचून पाहा."

सिस्टरांनी चहा मागवला. उठताना ते वडील टीचरांजवळ आले. पुटपुटल्यासारखं म्हणाले, "ते आवाज जातो म्हणालात... मग पुढे त्याचं काय होतं?"

"दुसऱ्या भागात आहे," टीचर म्हणाल्या. "पण आधी पहिला न्या."

त्या दिवशी मी विरारला घरी जाऊन नवऱ्याला ही सगळी हकिगत उभ्याने सांगितली. मीही वर्षानुवर्षं वाचत आले होते, पण वाचलेल्याला असा जाब विचारणारा आणि वाचलेल्याबद्दल असा जाब देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

पण त्या वहीची खरी गोष्ट मला कळली ती पुढच्या वर्षी, सांडोरला.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका द्यायच्या होत्या म्हणून मी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या घरी गेले. केळीच्या बागेतून वाट, पाटाला पाणी सोडलेलं. टीचरांचे मिस्टर बागेतच होते; त्यांनी हातानेच घराकडे खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं. ओटीवर खिडकीशी खाट होती. खाटेवर एक वाळकी म्हातारी पाठीला उशा लावून बसलेली, लाल लुगडं, कानांत जड सोनं. तिच्यासमोर स्टुलावर एमिली टीचर, मांडीवर वही. आणि टीचर बोलत होत्या. घरच्या बोलीत, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती बोली मला हुबेहूब लिहिता येणार नाही, जमेल तशी सांगते.

"तर बांध फुटला," टीचर सांगत होत्या. "वरून पानी आलं आणि बांध वरून खचला."

"खोटं," म्हातारी म्हणाली.

"पुस्तकात तसंच लिहिलंय, आई."

"लिवनाऱ्यानं बांध बघितलाय का? बांध वरून नाय फुटत. खालून फुटतो. खेकडा बीळ करतो, त्यातून पानी झिरपतं, आनि एक दिवस समदा बसतो. लिव."

आणि टीचरांनी वहीत लिहिलं.

त्या इजाबेल आजी, टीचरांच्या सासूबाई. माहेर मिठागराकडचं, जन्म खाडीच्या बांधावर गेलेला. अक्षरओळख नाही. दोन वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. चहा देताना टीचरांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, तेही निम्म्या आवाजात: त्याआधी बावीस वर्षं या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

लग्नानंतर टीचरांना बी.एड. करायचं होतं. मुलगा दीड वर्षाचा. परीक्षेच्या दिवशी तो तापाने फणफणलेला आणि तरी त्या गेल्या. संध्याकाळी परतल्या तर सासूबाई दारात. म्हणाल्या, "पुस्तकाशीच लगीन लावायचं व्हतं." टीचर म्हणाल्या, "तेच चुकलं माझं." एवढंच. त्यानंतर मीठ संपलं तरी निरोप नवऱ्यामार्फत. एकाच चुलीपुढे दोघी, आणि मध्ये तो बिचारा: "आई म्हणते डाळ करपली." "सांग तिला, दिसतंय मला."

"मग त्या पडल्या," टीचर म्हणाल्या. "हे दिवसभर बागेत. मी शाळेतून आले की आम्ही दोघीच. अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, भरवायचं, आणि तोंडातून शब्द नाही. पंधरा दिवस काढले. सोळाव्या दिवशी मला ते सहन झालं नाही. पण बोलायचं काय? बावीस वर्षांचं काय काढायचं? हातात पुस्तक होतं, पहिला भाग. मी सुरू केलं. एका गावात एक मुलगी होती, तिचा बाप समुद्राचा बांध राखायचा."

आजींनी तोंड भिंतीकडे केलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी टीचर आल्या आणि खाटेवरून आवाज आला, बावीस वर्षांतला पहिला: "मग त्या पोरीचा बाप घरी आला का?"

वही तेव्हा सुरू झाली. काल कुठवर आलो ते विसरून चालत नव्हतं. आजींच्या सगळं ध्यानात असे, आणि सांगताना एक जरी नाव बदललं तरी त्या पकडत. 'कोण चुकलं?' हा रकाना आजींचा. रोजचा भाग संपला की त्या विचारायच्या, "आज चुकलं कोन?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय कूस बदलायच्या नाहीत.

मालिका सहा भागांची होती. बांध राखणाऱ्याच्या मुलीचं नाव तालिन. आजींनी तिला तालू केलं होतं. पाच भाग झाले. सहावा अजून छापूनच आला नव्हता. फोर्टच्या विक्रेत्याने सांगितलं, पुढल्या वर्षी.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्याआधी आजींनी जेवण सोडलं. डॉक्टर येऊन गेले, फादर शेवटचं तेल लावून गेले. एमिली टीचरांनी रजा टाकली. मी शाळेत आल्यापासूनची त्यांची पहिली. चौथ्या दिवशी दुपारी मी गेले. आजी आता बसू शकत नव्हत्या. डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. टीचर स्टुलावर. मी दाराशीच थांबले.

"सहावा आला का?" आजींनी विचारलं.

टीचरांनी माझ्याकडे पाहिलं. या बाईंनी मुलीच्या उत्तरपत्रिकेत अर्धा गुण कधी फुकट वाढवला नव्हता.

"आला," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी वही उघडली, कोरं पान, आणि सांगायला लागल्या. तालिन वादळातून राजधानीत पोचली. राजा मेला होता. लोकांनी तिला सिंहासनावर बसवायचं ठरवलं. टीचरांचा आवाज वर्गातल्यासारखा स्थिर होता, फक्त वही धरलेला अंगठा पांढरा पडला होता.

"एमिली," आजी डोळे न उघडता म्हणाल्या. "हे तू रचतेस."

"हो," टीचर म्हणाल्या.

मला वाटलं संपलं. पण आजी म्हणाल्या, "मंग नीट रच. रानी नको करू. रानीला बांधावर कोन जाऊ देल?"

टीचरांनी नाक पुसलं. "बरं. राणी होत नाही. परत गावाला येते."

"बांध?"

"खालून झिरपत असतो. तिला खेकड्याची बिळं दिसतात."

"हां." आजींच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "आनि ती मावशी? दार लावून बसलेली?"

पाचव्या भागात तालिनची मावशी तिच्यावर रागावून दार लावून घेते आणि तालिन बाहेरूनच निघून जाते.

"ती दार उघडते," टीचर म्हणाल्या.

"कवा?"

"उशिरा, आई. फार उशिरा."

"उघडलं ना," आजी म्हणाल्या. त्यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि टीचरांच्या मनगटावर पडला. "आज चुकलं कोन?"

"दोघी," टीचर म्हणाल्या.

"लिव."

मी आत न जाता बागेतूनच परत फिरले. दोन दिवसांनी आजी गेल्या. मातीला सगळं गाव होतं. एमिली टीचर रडल्या नाहीत. कबरीवर माती टाकताना त्या काहीतरी अगदी हळू बोलत होत्या आणि त्यांचे मिस्टर शेजारी मान खाली घालून ऐकत होते.

ती नोंद त्यांनी मला नंतर दाखवली, मी न मागता. भाग सहावा. पान नाही. रचणाऱ्या: दोघी. जादू: शून्य. गुणांचा रकाना कोरा. मी बोट ठेवलं तेव्हा म्हणाल्या, "स्वतःचा पेपर स्वतः तपासता येत नाही."

खरा सहावा भाग सव्वा वर्षाने आला. मीच मुंबईहून नवा कोरा आणून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि वर्गावर निघून गेले, कारण त्या तो उघडताना तिथे असायची माझी हिंमत नव्हती. चार दिवसांनी स्टाफरूममध्ये त्यांनी तो मला परत दिला, कपाटात लावायला.

"कसा आहे?"

"चांगला आहे. तालिन राणी होते. लोक आनंदाने नाचतात." त्या चष्मा पुसत होत्या. "सात दिले. लेखकाची काही चूक नाही. त्याला बिचाऱ्याला सांगायला कुणी नव्हतं."

आणि तासाची घंटा झाली म्हणून उठल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. कपाट मी सांभाळलं, रकान्यांसकट. त्या आठवीतल्या मुलीचे हिशेबनीस वडील कितीतरी दिवस पुस्तकं नेत राहिले, मुलगी कॉलेजात गेल्यावरही. आधी तिच्या नावावर, नंतर लाजत लाजत स्वतःच्या. मी नायगावला राहायला गेले, सांडोरला जाणं कमी झालं. टीचरांचे मिस्टर वारल्याचं मला महिन्याने कळलं. भेटायला गेले तेव्हा त्या मुलाकडे बहरीनला गेल्या होत्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार आठच्या डिसेंबरात. पारनाक्याला बसथांब्याच्या बाकावर बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका. केस पूर्ण पांढरे, हात कापत होते, म्हणून पुस्तक टेकवायला मांडीवर पिशवी घेतलेली. माझ्या पावलांचा आवाज त्यांना कळला नाही. मी समोर उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि माझा हात धरून शेजारी बसवलं. मुलाची, नातवाची चौकशी झाली. त्यांच्या छातीत मशीन बसवलं होतं, तेही त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

"नवीन मालिका?" मी विचारलं.

"हो. कालच सुरू केली."

"किती भाग?"

"नऊ होणार आहेत म्हणे. छापून आलेत दोन."

माझ्या मनात आलं ते त्यांना दिसलं असणार, कारण त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"अगं, याच्यात एक मुलगा आहे," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम बारीक, गुपितासारखा झाला, "त्याला घरचे सगळे मुका समजतात. पण तो मुका नाही. तो फक्त ऐकतोय. कुणालाच माहीत नाही अजून. मलाच आत्ता कळलं."

त्यांची सांडोरची बस आली. भाजीवाल्या बायका उठल्या, पाट्या उचलल्या. "टीचर, बस," मी म्हणाले. त्यांनी मान न उचलता डावा हात वर केला, थांब म्हणून. बसला की मला, कळलं नाही. बस भरली, सुटली. मग माझी आली. मी चढले आणि खिडकीशी उभी राहिले. रिकाम्या बाकावर त्या एकट्याच होत्या. पान उलटलं, दोन ओळी वाचल्या असतील, आणि एमिली टीचर मोठ्याने हसल्या. मान मागे टाकून, तोंडावर हातही न धरता, एखादी तेरा वर्षांची मुलगी हसावी तशा. रस्त्यापलीकडचा पानवाला चमकून बघायला लागला. बस वळेपर्यंत त्या हसतच होत्या.